हाताकडे पाहणारे विलासभाऊ

विलासभाऊंसमोर मोबाइल हातात घ्यायची चोरी होती. तुम्ही नुसते किती वाजले म्हणून फोन काढला, तरी ते बोलणं अर्धवट सोडून तुमच्या अंगठ्याकडे पाहायला लागायचे. चेहऱ्याकडे नाही, पडद्याकडेही फारसं नाही, अंगठ्याकडे. तो कुठे निघाला, कुठे थबकला, कुठून माघारी फिरला. लग्नकार्यात एकदोन बायांनी याचा भलताच अर्थ घेतला होता. मग भाऊ कानाला हात लावून म्हणायचे, "माय, तुमच्याकडं नाई पाहून राह्यलो, तुमच्या बोटाकडं पाहून राह्यलो." या खुलाशाने प्रकरण निवळायच्या ऐवजी आणखी चिघळतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही वर्ध्यात बसून प्रवासाचं एक ॲप करत होतो. कुठे जावं, कसं जावं, कोणाला काय झेपेल, वाटेत काय मिळेल, हे मराठीत आणि साध्या माणसाला कळेल असं सांगणारं. नाव भाऊंनीच ठेवलं होतं, 'जाऊन येजो'. त्यांच्या आंजी गावच्या घरी कोणी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की मोठी माणसं हेच म्हणायची. मी तिथे मजकूर लिहायचे. म्हणजे कथा-कविता नाही, बटणावरचे शब्द. 'पुढे' म्हणायचं की 'चला पुढे', यावर अख्खी दुपार घालवून संध्याकाळी पुन्हा 'पुढे'वर यायचं, अशी ती नोकरी. घरी सासूबाईंना मी काय काम करते ते कधी सांगता आलं नाही. भाऊंनी मात्र ते एका वाक्यात सांगितलं होतं, "ही कल्पना, आमची पाटी रंगवणारी."

आमचं ऑफिस त्यांच्या चुलतभावाच्या कापडाच्या दुकानावर होतं. जिन्यापासूनच कोऱ्या कापडाचा वास यायचा. भाऊंचं घराणंच कापडवाल्यांचं. आंजीला त्यांच्या वडिलांचं दुकान होतं आणि शाळा सुटली की भाऊ गादीवर बसायचे. पुढे ते डिझाइन शिकले, पुण्यात एका कंपनीत कितीतरी वर्षं राहिले, मोठ्या हुद्द्यावर गेले, पण बसायचे ते गादीवर बसल्यासारखेच. चाकांच्या खुर्चीवर मांडी घालून. खुर्ची घसरायची, भाऊ टेबलाला धरायचे आणि बोलणं सुरूच. पडद्यांची चित्रं कागदावर छापून घ्यायचे आणि लुगडी उलगडावीत तशी एकामागून एक जमिनीवर फेकायचे. "हे पाहा. हे नसन पसंत तं हे पाहा. रंग जात नाई, गॅरंटी." ऑफिसातल्या पोरांना ते 'पोट्टेहो' म्हणायचे आणि पोरं त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायची. नक्कल चांगली जमली की भाऊच मागून येऊन दाद द्यायचे.

त्यांचं सगळं शास्त्र त्या दुकानातून आलं होतं. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक तोंडानं खोटं बोलते, हातानं नाई." बाई दुकानात येते, म्हणते रोजचं दाखवा, साधं दाखवा. शेटजी साधं दाखवतो. बाई हो हो म्हणते, पण हात दरवेळी त्या जांभळ्या लुगड्यावर जाऊन येतो. वडील बोलायचे काही नाहीत, जांभळं बांधून द्यायचे, आणि बाई कधी परत करायला आली नाही. "काय मांगते ते नोको पाहू, हात कुठी जाते थे पाह्य." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की भाऊंनी 'काय' म्हटलं की पोरं पुढचं म्हणून मोकळी व्हायची.

मला नोकरी मिळाली तीसुद्धा अशीच. मुलाखतीला म्हणून गेले, तर त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "समज, तुले सासूले घेऊन जाचं हाय. सासूचे गुडघे दुखते. आता पाह्य." आणि गप्प. मी एका ठिकाणी अडकले. विचारलं, "सर, इथे काय दाबू?" भाऊ पंख्याकडे पाहत होते. पुन्हा विचारलं. त्यांनी खिडकीबाहेरचं कबूतर पाहायला सुरुवात केली. मला वाटलं, माणूस बहिरा तरी आहे नाहीतर उद्धट तरी. शेवटी मी वैतागून म्हटलं, "हे 'अन्वेषण करा' म्हणजे काय? कोण बोलतं असं?" त्यावर त्यांनी टेबलावर थाप मारली. "हेच! हेच आयकाचं होतं. उद्यापासून येजो." तो शब्द लिहिणारा कोपऱ्यातच बसला होता. तो बिचारा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

अडलेल्या माणसाला मदत करायची नाही, हा ऑफिसाचा कडक नियम होता. तुम्ही इथे मदत कराल हो, पण ज्याच्या घरी तुम्ही नाही त्याचं काय, असं भाऊंचं म्हणणं. ज्याच्या तोंडून 'तिथे दाबा' निघेल त्याने सगळ्यांना चहा आणायचा. आणि समोरच्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. "बोलत बोलत करा, माय. भाजी चिरताना नाई का बोलत?" मग लोक बोलायचे. 'आता हे कायले इचारून राह्यला', 'हे लाल काऊन झालं, माह्यं काई चुकलं का' असं. भाऊ ते सगळं डोळे मिटून ऐकायचे. मला तेव्हा ते फार सुंदर वाटायचं. एवढं मन लावून कोणी कोणाचं ऐकतं का हल्ली?

एकदा आम्हाला ते गिरडला घेऊन गेले. टेकडीवर दर्गा आहे, सगळ्या जातिधर्माची माणसं येतात, म्हणजे भाऊंच्या भाषेत सगळ्या प्रकारचे अंगठे. पायऱ्यांच्या बाजूला सावलीत समुद्रपूरकडचं एक कुटुंब बसलं होतं. भाऊंनी त्यातल्या सुनेच्या हातात फोन दिला. आमचा पहिला प्रश्न तेव्हा असा होता, 'तुम्हाला कुठे जायचे आहे?' ती बाई त्याच्याकडे पाहून हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "मले कोण इचारते, कुठी जाचं म्हून? कोण कोण येऊन राह्यलं त्याच्यावर हाय ना थे. सासू असन तं पायऱ्या नोको. लेकरं असन तं पाणी पाहिजे, खायाले पाहिजे. नणंद असन तं दुकानं पाहिजे. हे सारं जमलं, का मंग ठरते कुठी जाचं थे."

भाऊ उठून उभे राहिले. मला वाटलं, बाईला नमस्कार करतात की काय. त्यांनी खरंच केला. त्या आनंदात ते चपला वरच विसरून आले आणि तापलेल्या फरशीवरून नाचत नाचत खाली उतरले, आणि उतरताना ओरडत होते, "पोट्टेहो, आपुन उलटं करून राह्यलो! कुठी नाई, कोण! पह्यले कोण!" लोकांना वाटलं यांच्या अंगात आलं.

त्या दिवसापासून ॲपचा पहिला प्रश्न बदलला. मी 'सोबत कोण आहे?' लिहिलं, 'कोणासोबत जाताय?' लिहिलं, भाऊ मान हलवत राहिले. शेवटी 'कोण कोण निघालं?' हे ठरलं. फाटकाशी उभी असलेली शेजारीण जसं विचारते तसं. खाली बटणं: आईवडील, लेकरंबाळं, मित्रमंडळी, एकटेच. ॲपमध्ये पैसे घातलेल्या पुण्याच्या भागीदारांना ते फार आवडलं. ते म्हणाले, वापरणाऱ्याला इतकं मध्यभागी ठेवलेलं आम्ही कुठे पाहिलं नाही. भाऊ म्हणाले, "त्याच्या सासूले मध्यभागी ठेवलं म्हना."

आता सुमनवैनींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय भाऊ पुरे होत नाहीत. वैनी म्हणजे भाऊंची बायको. वर्ध्याला लागून नालवाडीत त्यांचं घर, मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. भाऊ पुण्यात होते ती सगळी वर्षं वैनी आंजीला राहिल्या होत्या, सासू अंथरुणाला खिळलेली, दुकान, मुलीची शाळा, सगळं सांभाळत. सासू गेल्या, मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, भाऊ नोकरी सोडून गावाकडे परतले, आणि आता कुठे दोघं एका छपराखाली आली. तर भाऊंनी हे ॲप काढलं.

वैनींना पुरीला जायचं होतं. जगन्नाथपुरीला. हे ऑफिसातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं, कारण भाऊ प्रत्येक नवीन रचना आधी वैनींवर तपासायचे. घरचं माणूस, फुकटचं, आणि खरं बोलणारं. डबा घेऊन आल्या की त्यांना खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, "समज सुमन, तुले कुठी जाचं हाय." आणि वैनी दरवेळी पुरीच टाकायच्या. पोरं चिडवायची, वैनी, कधी चिखलदरा टाका, कधी पचमढी टाका. वैनी म्हणायच्या, "समुद्र म्या पाह्यला नाई. देव बी हाय तिथं. दोन्ही एका तिकिटात होते. अन जायले-यायले लय वेळ गाडीत बसा लागते. गाडीत बसलं का माणसाले उठून ऑफिसात जाता येत नाई." सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्याने भाऊ.

मी एकदा भाऊंना म्हटलंही, "भाऊ, वैनींना खरंच जायचंय हो." ते म्हणाले, "मंग! जाऊ ना. हे एवढं ॲप निघालं का आमी निघालो." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. ते खरोखरच तसं समजून चालले होते.

गिरडहून आल्यावर ती नवीन रचना झाली तेव्हाही पहिला मान वैनींचाच होता. 'कोण कोण निघालं?' वैनींनी चष्मा लावला. मोठ्याने बोलायची सवय त्यांना आता चांगलीच झाली होती. "कोण कोण निघालं... आईवडील. आईवडील कुठी राह्यले आता. लेकरंबाळं... पोरगी हैदराबादले. मित्रमंडळी... नाई. एकटेच..." अंगठा 'एकटेच'वर गेला, तिथे थांबला आणि परत वर आला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि भाऊंकडे पाहिलं. म्हणाल्या, "अन जोडीनं जाचं असन तं?"

हे ऐकलं मात्र, भाऊ खुर्चीवरून उडाले. "सापडलं! अरे, एवढे शिकलेले लोकं, अन नवरा-बायकोच इसरले! सुमन, तू तं कमाल केली!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी लगेच फळ्यावर मोठ्या अक्षरात 'जोडीनं' लिहिलं. भाऊ दोन्ही हातांनी हवेत बटण काढून ते कुठे बसवायचं ते सांगत होते. आम्ही सगळे फळ्याकडे पाहत होतो आणि वैनी अजून भाऊंकडेच पाहत होत्या, उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसासारख्या. मग त्यांनी चष्मा काढून डबीत घातला आणि रिकामा डबा पिशवीत टाकून जिना उतरल्या. त्या दिवशी मला भाऊंचा पहिल्यांदा राग आला.

'जोडीनं' हे बटण पुढे सगळ्यांत जास्त दाबलं गेलं. भाऊ कुठेही भाषणाला गेले की हा किस्सा सांगायचे. माझ्या बायकोला सापडलं ते मला सापडलं नाही, असं अभिमानाने सांगायचे आणि लोक हमखास टाळ्या वाजवायचे. एका कार्यक्रमाला वैनीही समोर बसल्या होत्या. लोकांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

ॲप निघालं. पेढे वाटले. वैनींनी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. पण पहिल्याच महिन्यात तक्रारी आल्या, त्या निस्तरल्या. मग दिवाळीच्या सुट्ट्यांची गर्दी. मग भाऊंना वाटलं, बोलून चालणारं करावं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. ते काम तर फारच चांगलं होतं, त्याला नाही कोण म्हणणार? दर खेपेला कारण खरंच असायचं, हेच त्यातलं वाईट. लोकांना भाऊंनी कुठे कुठे पोचवलं. आमच्याकडे फोटो यायचे, कोणी आईला घेऊन काशीला, कोणी जोडीनं कन्याकुमारीला. भाऊ ते फोटो भिंतीवर लावायचे. वैनी डबा घेऊन आल्या की एकेक फोटो नीट पाहायच्या आणि म्हणायच्या, "चांगले दिसून राह्यले दोघं."

मग वैनींच्या पायांवर सूज आली. आधी उभं राहण्याने असेल म्हणून सोडून दिलं. नंतर तोंडावर आली. तपासण्या झाल्या, मूत्रपिंडं कामातून गेली होती. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, आणि ज्या माणसाने अख्ख्या विदर्भाचा प्रवास सोपा केला, त्याच्या बायकोचा प्रवास नालवाडी ते दवाखाना एवढाच उरला.

भाऊंनी ऑफिस पोरांवर सोडलं आणि वैनींच्या जवळ खुर्ची टाकून बसायला लागले. पहिल्या दिवशी तिथेही ते नर्सची बोटं पाहत होते, मशीनची बटणं चुकीच्या जागी आहेत म्हणून सांगत होते. वैनींनी म्हटलं, "तुमी आता थो फोन खिशात ठेवा अन माह्याकडं तोंड करून बसा." भाऊंनी ठेवला. काही दिवसांनी मला भेटले तेव्हा चेहऱ्यावर एक वेगळंच नवल होतं. "कल्पना, चार घंटे कसे जाते, काई समजत नाई. ही बोलतच राह्यते. आंजीच्या गोष्टी, मायच्या, पोरीच्या लहानपणच्या. माय मरताना काय बोलली थे मले आता मालूम पडलं. मले मालूमच नोहतं, ही एवढी बोलते म्हून."

बोलायच्या तर त्या आधीपासूनच. मी दोन गल्ल्या पलीकडची, मला ठाऊक होतं.

आणि भाऊंच्या मनाने घेतलं की आता पुरी करायचीच. हट्टाला पेटले. तिकडे डायलिसिस कुठे होतं, कोणत्या वारी जागा मिळते, स्टेशनवर चाकांची खुर्ची, खालच्या बर्थ, समुद्राजवळची खोली पण पायऱ्या नकोत, जेवण मिठाशिवाय. रात्रंदिवस फोन. डॉक्टरांच्या मागे लागून त्यांच्याकडून होकार घेतला. हे सगळं त्यांनी ॲपमध्ये बसवलं, फक्त एका माणसासाठी. तसं नीट, तसं सुंदर काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि हे मी त्या धंद्यातली म्हणून सांगते. तिकिटंही काढली, खरीखुरी. मला म्हणाले, "सांजेले घरी येजो. तिचं तोंड कसं होते, पाह्य."

मी गेले. वैनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. वजन फार उतरलं होतं, बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. भाऊंनी फोन हातात दिला. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न करत होते. "सुमन, पाह्य बरं हे."

वैनींनी चष्मा मागितला. त्या सरळ होऊन बसल्या आणि सवयीने बोलायला लागल्या. "कोण कोण निघालं... जोडीनं. हे आलं. कुठी... पुरी. हे आधीच टाकलं, बरं केलं. खालची सीट दाखवून राह्यला. चांगलं हाय. दवाखाना... अवो, दवाखाना बी दाखवते हे! माह्यासारख्या लोकायचं लय भलं होईन. खोली खालीच हाय, पायऱ्या नाई. मीठ नाई. पुढं... पुढं... 'तिकीट निघालं.' झालं." त्यांनी फोन भाऊंकडे परत केला. अगदी समाधानाने. म्हणाल्या, "कुठीच अडलं नाई. आतापर्यंत सगळ्यात सोपं हेच झालं. पोट्ट्यायले सांगजा, माय खूश झाली म्हून."

भाऊंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

"सुमन, हे तपासणीचं नोहे. हे खरं हाय. बुधवारची गाडी हाय आपली."

वैनी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला नाही.

"आता काऊन?" त्या म्हणाल्या.

"तुले जाचं होतं ना."

"होतं."

"मंग?"

"मले आता नाई जाचं."

भाऊ समजावायला लागले. डॉक्टर हो म्हणाले, त्रास काही होणार नाही, वाळूत चालणारी खुर्चीसुद्धा मिळते. वैनींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग नव्हता, टोमणाही नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. त्या समजूत घातल्यासारख्या बोलल्या. "समुद्राचं कोणाले पडलं होतं, वो? समुद्र काय, टीव्हीत बी दिसते. तुमी कुठी न उठता माह्यासंग बसान, एवढ्यासाठी थे पुरी होती. तुमी पुण्याले होते, तवापासून हेच मांगून राह्यली मी. आता तं बसता तुमी. खुर्ची लावून चार-चार घंटे बसता, फोन खिशात ठेवून. माह्यं भागलं आता." आणि भाऊंकडे बोट करून मला म्हणाल्या, "कल्पना, जेवून जाजो. यायच्या हातची भाजी खाऊन पाह्य, आता चांगली करते."

भाऊ आत गेले. मला भाजी वाढली. भाजी खरंच चांगली झाली होती.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. वैनी उन्हाळ्याच्या आधी गेल्या. ॲप पुण्याच्या भागीदारांनी घेतलं आणि त्याचं काहीतरी भलतंच करून टाकलं. पहिल्या पानावर आता हॉटेलांच्या जाहिराती असतात. भाऊ काही महिने नालवाडीच्या घरात एकटे होते. मग मुलगी-जावई न्यायला आले.

त्या सकाळी मी निरोपाला गेले. सामान गाडीत चढलं होतं, घराला कुलूप लागलं होतं. भाऊंनी दाढी केली होती, पण एका गालावर तशीच राहून गेली होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कल्पना, एक इचारू? सुमन दवाखान्यात जे बोलली, थे सारं आठवते मले. शब्दाले शब्द. पण त्याच्या आधीचं काईच नाई आठवत. एवढी वर्षं... काल रातभर आठवून पाह्यलं. एक गोष्ट नाई. ती बोलत असन ना? बोलत असनच ना, वो?"

"बोलायच्या ना, भाऊ," मी म्हटलं. "खूप बोलायच्या."

"काय बोले?"

जावई गाडीचं दार धरून उभे होते, मुलगी आत बसून हाक मारत होती. भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत तसेच उभे राहिले.